चूक माझीच असंल

हिंगोली जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांइतकी भांडणं हरलेला दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बायकोशी हरले, भावांशी हरले, तीस वर्षं लाइनमनची नोकरी करताना निम्म्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांशी हरले, आणि मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात माझ्याशीही हरले. गंमत अशी की इतकं हरूनही त्यांच्या मनाविरुद्ध फारसं काही झाल्याचं मला आठवत नाही. जिंकलेली माणसं आपापल्या घरी जाऊन आपण नक्की काय जिंकलो याचा विचार करत बसतात, आणि मामा (आम्ही सासऱ्यांना मामाच म्हणतो) इकडे बाजेवर बसून निवांत सुपारी कातरत असतात.

मी मूळची कळमनुरीची. आमच्या माहेरी भांडणाचा आवाज चार घरं पलीकडे गेला नाही तर आईला वाटायचं, पोरीला कणकण आहे. तेव्हा गोरेगावच्या पलीकडच्या या लहानशा खेड्यात सून म्हणून आल्यावर मी पहिल्याच पंधरवड्यात स्वयंपाकघराला पूर्वेकडून खिडकी पाहिजे म्हणून आवाज चढवला. मामांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय, बाई. घर बांधलं तवाच पाडाया पाहिजे होती. चूक माझीच असंल." तिसऱ्या दिवशी गवंडी आला. खिडकी झाली, आणि पलीकडच्या घरच्या चुलीचा सगळा धूर आमच्या भाकरीवर यायला लागला. हे होणार हे मामांना ठाऊक होतं. ते त्या घरात माझ्या जन्माआधीपासून राहत होते. आठ दिवस खोकत काढून मी गुपचूप खिडकीला पोतं लावलं. मामा आल्यागेल्याला सांगत, "मला धूर सोसत न्हाई म्हणून बिचारीनं खिडकी लावून घेतली." आता पलीकडे गॅस आलाय, खिडकी दिवसभर सताड उघडी असते, आणि मामा पाहुण्यांना मुद्दाम आत नेऊन दाखवतात की ही अक्कल आमच्या सुनेची.

"चूक माझीच असंल" हे वाक्य त्यांनी नोकरीत कमावलं असावं. लाइनमन हा असा प्राणी आहे की लाइट गेली की त्याला शिव्या आणि लाइट आली की कोणी विचारत नाही. एकदा एक धिप्पाड शेतकरी मोटार जळाली म्हणून काठी घेऊन डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, आला. मामा तेव्हा खांबावर. त्याने खालून मामांच्या सात पिढ्या काढल्या. मामा वरून म्हणाले, "काय म्हणले? वारं लई हाय, ऐकू येईना." त्याने पुन्हा काढल्या, पण या खेपेला चार. "डावा कान कामातून गेला हो, जरा पुन्यांदा सांगा." असं करता करता सात पिढ्यांपासून निघालेली गोष्ट "जरा बघता का राव, पीक वाळून राहिलं" इथवर येऊन थांबली. मग मात्र मामांना लगेच ऐकू आलं. शिवी तीनदा तेवढ्याच जोरात देता येत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. मी विचारलं, तुम्ही एकदा तरी उलट का नाही बोललात? तर म्हणाले, "खांबावरल्या माणसानं भांडू न्हाई, बाई. खाली उतरायचं असतंय."

कोणाशी मतभेद झाला की मामा त्याच्या घरी जातात, वहाणा बाहेर काढतात, खुर्ची पुढे केली तरी जमिनीवर बसतात. "खुर्चीत बसलं की आपण खरंच बोलून राहिलो, असं सोतालाच वाटतंय." मग स्वतःची बाजू मांडायच्या ऐवजी ते समोरच्याचीच बाजू मांडायला घेतात. धाकट्या चुलतसासऱ्यांशी विहिरीच्या पाळीवरून वाजलं तेव्हा मामांनी त्यांची तक्रार त्यांच्यासमोर इतकी बैजवार मांडली, त्यात धाकट्यांना स्वतःला न सुचलेले तीन अन्याय मामांनी आपल्याकडून असे घातले, की धाकटे घाबरून म्हणाले, "एवढं काय न्हाई दादा, घ्या तुमी पाणी." सासूबाईंना मात्र या स्वभावाची मनापासून चीड आहे. "चाळीसच्या वर वर्सं झाली," त्या म्हणतात, "या माणसानं मला एकदा मनासारखं भांडू दिलं न्हाई. मी सुरू केलं की हे म्हणत्यात बराबर हाय. आता बराबर हाय म्हनल्यावर बाईमाणसानं पुढं काय बोलावं?"

त्यांच्या युक्त्या दर वेळी लागू पडतात असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. एकदा गोरेगावच्या जीपमध्ये दोघे जण एका जागेवरून हातघाईवर आले. मामा उठले, म्हणाले, "तुमी दोघं बसा, मी उतरतो." दोघांनी लाजून गप्प बसावं असा हिशोब होता. पण दोघे ऐसपैस बसले, ड्रायव्हरने दार लावलं, आणि जीप निघूनही गेली. मामा उन्हातून चालत घरी आले आणि पाणी पिऊन म्हणाले, "एखाद बार चुकतंय." घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्यांची खडाजंगी जुंपली की मामांना टाइप करता येत नसल्यामुळे ते एक आवाजी संदेश पाठवतात. त्यात भांडणाचा शब्द नसतो. आधी खोकला, मग कोणाकडे पाऊस किती झाला, कोणाची म्हैस व्याली का, मग पुन्हा खोकला. एवढ्यावर ग्रुप दोन दिवस शांत असतो.

या सगळ्या कौतुकाला एका फाल्गुनात तडा गेला. गेल्या वर्षीचीच गोष्ट आहे, आणि मला सांगायची आहे ती खरी हीच.

आमच्या शेताला लागून तांड्यावरच्या नायककाकांचं शेत आहे. मामा आणि नायककाका यांची बांधाला बांध लागून चाळीस वर्षं झाली. आम्ही जय भीमवाले, तांड्यावरचे बंजारा लोक राम रामवाले. पण सकाळी बांधावर भेटले की नायककाका आधी "जय भीम" म्हणायला बघतात आणि मामा आधी "राम राम" म्हणायला. ज्याच्या तोंडून समोरच्याचा नमस्कार आधी निघेल तो त्या दिवशी खुशीत. दोघांकडे हळद. हळद काढली की ती शिजवावी लागते, आणि त्यासाठी वाफेची मशीन गावोगाव भाड्याने फिरते, सोबत तिचा मुकादम आणि माणसं असतात. आमच्यात आणि नायककाकांच्यात दरवर्षी एकच मशीन येते, बांधावर उभी राहते, आणि दोन्हीकडचे ढीग एकामागून एक शिजतात. फक्त पुढच्या लागवडीसाठी राखलेलं बेणं पाल्याखाली झाकून वेगळं ठेवतात. ते शिजलं की संपलं. शिजलेल्या गड्ड्याला कोंब येत नाही.

नायककाकांचं बेणं साधं नव्हतं. त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला पाणी साचतं आणि तिथे हळद सडते. दरवर्षी त्या सडक्या पट्ट्यात जे दोनचार कंद टणक राहत, तेवढेच ते बाजूला काढत आणि पुढच्या वर्षी लावत. अशी सहा वर्षं करत त्यांनी न सडणारं बेणं तयार केलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच तो ढीग सगळ्या शेताला पुरेल इतका झाला होता. दुकानात मिळणारी वस्तू नव्हती ती.

मी हिंगोलीत शाळेवर शिक्षिका आहे आणि तिथेच राहते. त्या रविवारी मी गावी आले होते आणि लिंबाखाली माणसांसाठी चहा गाळत होते. मामा ढिगांवर लक्ष ठेवून होते. नायककाका जेवायला तांड्यावर गेले होते, त्यांचा मुलगा शेताच्या पलीकडच्या टोकाला पाला गोळा करत होता. ते परतले तेव्हा त्यांच्या बेण्याच्या जागी नुसता पाला पडलेला होता. त्यांनी शिजलेल्या राशीतला एक गड्डा उचलला, मोडला, हुंगला आणि तिथेच खाली बसले.

मुकादम म्हणाला, "पुढचा ढीग कंचा म्हणून मी इचारलं. ह्या बाबांनी हात केला, म्हणून आमी घेतला."

सगळे मामांकडे बघायला लागले. मीही बघत होते. आता ते नेहमीचं वाक्य येणार, याची मला इतकी खात्री होती की मी चहाचा पेला हातात धरून थांबले होते. नायककाकाही त्या वाक्याचीच वाट बघत असणार. दुसऱ्यांच्या असंख्य चुका स्वतःवर घेतलेला हा माणूस. पण मामा म्हणाले, "मी हात केलाच न्हाई. तुमच्या पोरानंच सांगितलं असंल."

नायककाकांचा मुलगा तिशीचा गडी, तो उसळला. नायककाकांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, "चाळीस वर्सं बांधाला बांध हाय. आज पयल्यांदा तुमी खोटं बोलून राहिले."

"परक्या माणसाचं खरं, आन माझं खोटं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

खरं सांगते, माझं माहेर माझ्यात जागं झालं आणि क्षणभर मला बरंच वाटलं. शेवटी भांडले एकदाचे! दुसऱ्या दिवशी मशीन पुढच्या गावाला गेली, मुकादम गेला, कोणाला काही सिद्ध करता येईना. म्हणजे मामा जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा जिंकले, आणि त्यांना ते जिंकणं पेलवेना. सासूबाई फोनवर सांगायच्या, जेवण अर्धं झालंय, सुपारीला हात लावत नाहीत. नायककाका शेतात यायला लांबची वाट धरायला लागले. बांधावर आता कोणी कोणाला राम राम करत नव्हतं आणि जय भीमही नाही. चाळीस वर्षांचा शेजार असा एका दुपारीत संपतो की काय, या विचाराने मलाही करमेना.

गुरुवारी शाळेच्या व्हरांड्यात एक कुत्रं शिरलं. मी हात हलवून त्याला हाकललं, तर फाटकाजवळची एक मुलगी "बाई, बोलावलं का?" म्हणत धावत आली. आणि मला तो रविवार दिसला. नायककाकांच्या बेण्यावर एक वासरू चढलं होतं आणि मामा लांबून हात हलवून त्याला हाकलत होते. मशीनच्या आवाजात मुकादमाचा प्रश्न मामांना ऐकूच गेला नसणार, मलाही गेला नव्हता. मुकादमाला दिसला तो फक्त ढिगाच्या दिशेने केलेला हात. मामा खोटं बोलत नव्हते. पण हात त्यांनी केला होता.

आता हे त्यांना सांगायचं कसं? हिंगोलीपासून गावापर्यंत स्कूटीवर मी तालीम करत आले. त्यांच्याच पद्धतीने जायचं ठरवलं. वहाणा काढल्या, त्यांच्या बाजेशेजारी जमिनीवर बसले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मामा, तुमचं अगदी बरोबर आहे."

मामा दचकून उठून बसले. "काय झालं बाई? तब्येत ठीक हाय ना?"

झालं, माझी सगळी तालीम वाऱ्यावर गेली. "तुम्ही हात केला होता!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. मग मी वासराचं सगळं सांगितलं, एका दमात, मधे श्वास न घेता. मामा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "वासरू कुणाचं व्हतं?"

"आपलंच."

त्यांनी उजवा हात हळूच वर केला, वासराला हाकलावं तसा एकदा हलवला आणि स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "केला म्या हात."

ते लगेच उठले. सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून मीही मागोमाग गेले. तांड्यावर झाडाखाली नायककाका, त्यांचा मुलगा आणि आणखी पाचसहा जण बसलेले होते. मी मनात म्हणत होते की आता मामांची कला बघायला मिळेल, जमिनीवर बसतील, नायककाकांची बाजू नायककाकांहून छान मांडतील. मामा बसलेच नाहीत. त्यांना धड बोलताही येईना. उभे राहून, अडखळत म्हणाले, "नायक, तुमचं बेणं माझ्या हातानं गेलं. मुकादम बराबर व्हता. माझं ध्यान न्हवतं." मग मुलाकडे वळून त्यांनी हात जोडले. "आन लेकरा, मी तुझ्यावर ढकललं. ते त्याहून वाईट केलं. माफ कर." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिशीतल्या पोरासमोर हात जोडून उभा होता. त्या पोरालाच कुठे बघावं कळेना.

नायककाका मात्र भडकले. चार दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. सहा वर्षं, सडका पट्टा, एकेक गड्डा, आणि वर चारचौघांत केलेला अपमान. मामा मान खाली घालून एकूण एक शब्द ऐकत होते. मला राहवेना. अहो, ते वासरू तुमच्याच बेण्यावर चढलं होतं, तुमचंच बेणं वाचवायला त्यांनी हात केला होता, हे माझ्या ओठावर आलं. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी तोंड मिटलं.

परत येताना मात्र मी वाटेत भांडले. "एवढं एक वाक्य का नाही सांगितलंत? सगळं मिटलं असतं!"

मामा थोडं चालून थांबले. "ते सांगितलं असतं तर नायकाला रागावता आलं नसतं, बाई. त्याचं बेणं गेलं. राग तरी पुरता येऊ द्या की त्याला."

आयुष्यात मी बऱ्याच माणसांना बोलताना ऐकलंय, व्यासपीठावरून, माइकवरून, हारतुरे गळ्यात घालून. पण त्या पायवाटेवर माझ्या पुढे चालणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोणाचाच वाटलेला नाही. मी या माणसाची सून आहे, हे तेव्हा रस्त्यात कोणी भेटलं असतं तर मी उगाचच सांगितलं असतं. वासराची गोष्ट नायककाकांना आजही माहीत नाही. मामा मला सांगू देत नाहीत आणि सासूबाईंनीही, नवल म्हणजे, कुठे तोंड उघडलेलं नाही. तेवढं एक भांडण मी त्यांच्याशी कायमची हरले आहे.

दुसऱ्या दिवशी मामांनी आपलं निम्मं बेणं ट्रॅक्टरमध्ये घालून तांड्यावर पाठवलं. नायककाकांनी "सडकं हाय" म्हणून ते परत पाठवलं. मामांनी पुन्हा पाठवलं. असं त्या बेण्याने गावातून चार चकरा मारल्या, आणि लागवडीचे दिवस तोंडावर आले तेव्हा ते एकदाचं तांड्यावर राहिलं. मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी बांधावरून "जय भीम" असा रागीट आवाज आला आणि सासूबाईंनी मला फोन करून ती बातमी दिली.

यंदा हळद निघाली तेव्हा नायककाकांनी मामांना निरोप धाडला, या म्हणून. मी चहा घेऊन गेले तर दोघे म्हातारे त्या खालच्या सडक्या पट्ट्यात उकिडवे बसून एकेक कंद चाचपत होते. नायककाकांनी एक गड्डा पुढे केला. मामा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं. बराबर हाय."

"बराबर-बिराबर ठिवा तिकडं," नायककाका खेकसले. "खरं सांगा, निब्बर हाय का न्हाई?"

मामांनी गड्डा हातात घेतला, फिरवून बघितला, अंगठ्याने दाबला. मग माझ्या उभ्या संसारात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून आवाज न चढवता आलेला नकार ऐकला. "न्हाई. आतून सडून राहिला."

नायककाकांनी तो हुंगला आणि लांब फेकून दिला. टोपलीत चारपाच गड्डे जमले होते. त्यांनी टोपलीकडे बघत म्हटलं, "पुन्यांदा सहा वर्सं लागत्याल."

"लागू द्या," मामा पुढच्या कंदाची माती पुसत म्हणाले.

मी मनातल्या मनात मामांच्या वयात सहा मिळवले. नायककाका त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, त्यांच्याही वयात मिळवले. दोघांपैकी कोणाला ही बेरीज सुचलेली दिसत नव्हती, किंवा सुचली असली तरी कोणी बोलत नव्हतं. मी किटली खाली ठेवली, त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि एक कंद उचलून विचारलं, "हा बघा बरं, हा कसा आहे?"